बीर्थेच्या शेतातलं तळं

(डेन्मार्कमधलं मोर्स बेट. बीर्थेच्या 'लुन्डेगोर' शेतघरातलं स्वयंपाकघर, सकाळची कॉफी. खिडकीपाशी चित्रकार आस्गर.)

बीर्थे : ...तर त्या बाई तुझ्या चित्राचा फोटो हातभर लांब धरून माझ्या शेणाच्या ढिगासमोर उभ्या. एकदा चित्राकडे बघतात, एकदा ढिगाकडे. शेवटी मलाच विचारतात, "तळं कुठंय?"

आस्गर : कुठल्या बाई गं?

बीर्थे : निसर्गजतन कचेरीच्या. इतके कोरे गमबूट होते पायात, की मीच त्यांना कोरड्या वाटेनं नेलं. गोठ्याच्या परवानगीसाठी पाहणी म्हणे.

आस्गर : मग? गोठा तर तुझ्याच जमिनीवर होणार.

बीर्थे : माझ्या जमिनीवर, पण तुझ्या तळ्यात! त्यांनी तसं लेखी दिलंय, ऐक. "नियोजित गोठ्याच्या जागी पूर्वी नैसर्गिक तळे असल्याचा भक्कम पुरावा उपलब्ध आहे. तळे पूर्ववत करण्याचा विचार व्हावा." भक्कम पुरावा म्हणजे टाउन हॉलच्या जिन्यात टांगलेलं तुझं चित्र.

आस्गर : 'लुन्डेगोरची सकाळ'? ते अजून जिन्यातच ठेवलंय? उजेड फार वाईट आहे तिथं.

बीर्थे : आस्गर.

आस्गर : नाही, म्हणजे, तुझा प्रश्न गंभीरच आहे.

बीर्थे : गाई साखळीला बांधून ठेवायची आता मुभा नाही. मोकळा गोठा झाला नाही, तर चाळीसच्या चाळीस विकायच्या. माझ्या लेकीनं, सिग्नेनं ओल्बोर शहरातल्या नोकरीचा राजीनामा दिलाय, हे शेत चालवायला पोर परत येतेय. तिला काय सांगू? बाई गं, गाई नाहीत, पण बदकं पाळ, चित्रकारकाकांनी तळं दिलंय?

आस्गर : कदाचित फार पूर्वी असेलही तळं. जमिनीला स्मरण असतं.

बीर्थे : माझ्या आजोबांच्या काळापासून तिथं शेण पडतंय. स्मरण असेल तर त्याचंच असेल. आणि चित्रातली ती तीन बर्चची झाडं? बाई तीही शोधत होत्या.

आस्गर : ते... विजेचे खांब होते.

बीर्थे : आणि माझा झेंड्याचा खांब?

आस्गर : तो काढला. उभ्या रेघा फार होत होत्या.

बीर्थे : वा! मी दर वाढदिवसाला झेंडा चढवते तो खांब तू एका फटक्यात काढलास. मला एक गोठा बांधायला तीन कचेऱ्या फिराव्या लागतात. तुझा धंदा बरा.

आस्गर : चित्र म्हणजे मोजणीचा नकाशा नव्हे, बीर्थे. आभाळ वर एवढं उजळलेलं, त्याला खाली कुठंतरी जागा हवी होती उतरायला. पाणी लागतंच.

बीर्थे : मग हे त्या बाईंना लिहून दे. आत्ता. गुरुवारी बैठक आहे. "तिथं तळं नव्हतं, मी कल्पनेनं काढलं." एवढं एक वाक्य.

आस्गर : गुरुवारी? अगं, शनिवारी माझी सत्तरी. प्रदर्शनाची पुस्तिका छापून आलीय.

बीर्थे : आलीय ना माझ्याकडे. पहिल्याच पानावर तू कुंपणाला टेकून उभा, आणि खाली, "निसर्गानं दिलं तेवढंच मी घेतो. पदरचं काही घालत नाही." मी गाईंना वाचून दाखवलं. एकीनंही विश्वास ठेवला नाही.

आस्गर : ते वाक्य मुलाखतवाल्यानं जरा...

बीर्थे : त्यानं पदरचं घातलं? तुझ्याच वाटेनं गेला म्हणायचा.

आस्गर : हसतील गं लोक. पन्नास वर्षं उघड्यावर उभा राहून रंगवतो म्हणून माझं नाव आहे.

बीर्थे : उघड्यावर! हे चित्र काढलंस त्या जानेवारीत तू तीन आठवडे या खिडकीशी, पाय चुलीकडे करून बसला होतास. वाऱ्यात गेलास तो एकदा, गाडीतून चष्मा आणायला.

आस्गर : हे पत्रात नको ना?

बीर्थे : ते मी झाकून ठेवीन. तळ्याचं नाही झाकणार. कागद घे.

आस्गर : बरं... पण एक सांगतो. सगळंच खोटं नाही त्यात. पाण्यावरचं धुकं आहे ना, ज्याची सगळे तारीफ करतात, ते खरं आहे. डोळ्यांनी बघून रंगवलंय.

बीर्थे : जानेवारीत? उणे आठ होतं. कुठलं आलं धुकं?

आस्गर : या खिडकीतून बघ ना.

बीर्थे : थांब. ढिगाची वाफ!

आस्गर : सकाळी तू ताजं शेण ओतून जायचीस. मागून ऊन यायचं आणि वाफ सोनेरी व्हायची. कोपनहेगनच्या एका समीक्षकानं लिहिलंय, "या धुक्यात उत्तरेचा आत्मा श्वास घेतो."

बीर्थे : अरे देवा. माझ्या गाईंना कळायला हवं हे.

आस्गर : मी रोज त्या वाफेसाठीच पहाटे उठायचो. पण शेणाचा ढीग म्हणून रंगवायचं धैर्य झालं नाही. ढीग कोण जिन्यात टांगणार?

बीर्थे : मी टांगला असता.

आस्गर : तू तेव्हा बोलली नाहीस.

बीर्थे : तू विचारलं नाहीस. लिही आता. कॉफी ओतते तोवर.

आस्गर : ...घे. झालं.

बीर्थे : नीट अक्षरात आहे? "मी, आस्गर थोरुप, कळवतो की लुन्डेगोर येथे तळे कधीही नव्हते. ते मी कल्पनेने काढले. झाडे विजेचे खांब होते. त्या जागी शेणाचा ढीग होता, आजही आहे, आणि हिवाळ्यातल्या सकाळी त्याच्याइतके सुंदर मी या बेटावर दुसरे काही पाहिलेले नाही."

आस्गर : चालेल ना?

बीर्थे : शेवटचं खोड.

आस्गर : का? तेवढंच तर मनापासून आहे.

बीर्थे : म्हणूनच. त्या बाई उद्या ढीगच जतन करायला लावतील.

आस्गर : बरं. खोडलं.

बीर्थे : आता दुसरा कागद घे, आणि ते मला लिहून दे.