कार्ड आधी की खाट आधी

गरिबांना आरोग्य विम्यातलं काही कळत नाही, असं माझ्यासमोर पुन्हा म्हणू नका. तीस वर्षं मीही बातम्यांत तेच लिहीत आलो आणि ताडकळसच्या मारोतीनं माझी जिरवली.

मारोती मेंढरं राखतो. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मी त्याला परभणीतल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "खाट आहे. नाव सांगा."

मी विचारलं, "मारोती, सरकारी विम्याचं कार्ड कुठंय?"

तो माझ्या कानात पुटपुटला, "बंडीच्या खिशात हाय. आधी भरती होऊ द्या, मग काढतो. कार्ड बघून लोकांना वापस पाठवायलेत."

"अरे, हक्काचं कार्ड लपवतोस कशाला?" असं म्हणत मी ते त्याच्या खिशातून काढलं आणि काउंटरवर आपटलं.

"कार्डवाल्यांना खाट नाही. पुढच्या महिन्यात या."

मग मी तासभर असा भांडलो, की डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि खाट निघाली. मारोतीनं पडल्या पडल्या मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, आभार मानतोय.

"सायब, पुढल्या महिन्यात बायकोचं आपरेशन हाय. तवा तुमी येऊ नका."