बशीभोवतीच्या सह्या

फाट्यावरच्या उड्डाणपुलाचं काऊन राह्यलं म्हणता? माह्यामुळं राह्यलं, बाप्पा.

माहं चहाचं दुकान हायवेच्या या अंगाले, अन् माहा मैतर नामदेव राहते त्या अंगाले. गुडघे गेल्यापासून त्याले ट्रकाच्या रांगेतून इकडं येणं होत नव्हतं. अशात मलकापूरवाले अन् नांदुऱ्यावाले एकदाचे एक झाले. पुलाच्या निधीसाठी मिळून एकच अर्ज करू म्हणाले, अन् माह्याच दुकानात बसले. पण पहिली सही कोणाची?

"आमचं गाव मोठं."

"पण फाटा आमच्याकडचा!"

दुपार झाली. शेवटी मी कागदावर बशी पालथी ठेवली अन् पेनानं गोल काढला. म्हटलं, "याच्या भवताल सह्या करा, भाऊ. ना कोणी वर, ना कोणी खाली."

सगळे खूश. एक जण म्हणाला, "बाबा, तुमीबी करा ना!"

मले सही येत नाही. एवढ्या लोकांत अंगठा लावाची लाज वाटली. म्हटलं, "माहं काय काम?"

अर्ज वापस आला. साहेब म्हणे, "पहिला अर्जदार कोण, ते लिहून द्या." मंग पुन्हा तेच भांडण. तवर निधी दुसरीकडं गेला.

नामदेव फोनवर म्हणाला, "गोलाच्या मधात जागा रिकामी होती ना बे? तिथं तुहा अंगठा असता, तर पहिला तूच असता."

आता रोज चार वाजता तो तिकडून कप दाखवते, मी इकडून. मधात ट्रकाची रांग लागते. ती सरेपर्यंत दोघायचा चहा पिऊन झालेला असते.