वाटाड्या कुणाचा?

(प्रयोगशाळेतली मायक्रोस्कोपची खोली. नणंद पडद्यासमोर बसली आहे. भावजय दारात, हातात दुपारच्या भाषणाचे कागद.)

भावजय : मग ते उंदीर कुणाचे, ताई? कोपऱ्यातल्या दोन पिंजऱ्यांवर तुमच्या अक्षरातली चिठ्ठी आहे.

नणंद : माझेच. जागा होती, ठेवले. तुझी परवानगी काढायला हवी होती का?

भावजय : तसं नाही हो. पण चिठ्ठीवर 'वाटाड्या' लिहिलंय. आपल्या प्रथिनाचे उंदीर आणि मलाच माहीत नाही, म्हणून विचारलं.

नणंद : आपल्या? त्याला वाटाड्या हे नाव कुणी ठेवलं?

भावजय : तुम्ही.

नणंद : तू शाळेत होतीस तेव्हा. वाढणारा मज्जातंतू भरकटू नये म्हणून हे प्रथिन त्याला 'इकडे नको, तिकडे वळ' असं सांगतं, हे मी एकेका धाग्याच्या मागे लागून दाखवलं. आणि आज तुझ्या भाषणात त्याला जागा किती, तर अर्धी ओळ! 'पूर्वी नसांना दिशा देणारे म्हणून परिचित.' पूर्वी! मी काय मेले का?

भावजय : मला रोगप्रतिकारशक्तीवर बोलायला बोलावलंय, ताई. भाषण छोटं आहे.

नणंद : हो ना. आधी माझा भाऊ नेलास...

भावजय : नेला काय? स्वतःच्या पायांनी आला की!

नणंद : ...आणि मग माझं प्रथिन. परवा जेवताना म्हणतो कसा, 'ताई, आमच्या हिच्या प्रथिनाचं कळलं का?' आमच्या हिच्या! लहानपणी माझा निकाल लागला की गल्लीभर सांगत सुटायचा तो.

भावजय : त्याला प्रथिन म्हणजे उकडलेलं अंडं, एवढंच कळतं. त्याचं काय मनावर घेता? आणि वाटाड्या काढलेले ते जुने उंदीर तुम्हीच दिलेत मला. 'माझं काम झालं, हवे तर घे' म्हणालात. मी फक्त बघितलं, की वाटाड्या नसलेल्या उंदरांची सूज उतरतच नाही. जंतू मरून गेले तरी ते खाणाऱ्या पेशी चवताळलेल्याच.

नणंद : आणि मला ते दिसलं नाही. इतकी वर्षं त्यांची सुजलेली आतडी बाजूला सारून मी नसा काढत होते. बाजूला सारत होते, कळतंय का तुला?

भावजय : तुम्ही नसा शोधत होतात...

नणंद : माझी समजूत काढू नकोस. ते मला मुळीच खपत नाही.

भावजय : बरं, नाही काढत. पण माझा लेख तरी वाचलात का?

नणंद : पाठ झालाय. वाटाड्या नसला की पेशी नुसती साखर जाळत बसतात, कायम भांडणाच्या पवित्र्यात. वाटाड्या मिळाला की चरबी जाळायला लागतात, निवतात आणि डागडुजी करतात. चूक सापडते का, म्हणून वाचत होते.

भावजय : सापडली?

नणंद : भोक सापडलं. तुझ्या उंदरांत वाटाड्या कुठेच नाही. ना नसांत, ना पेशींत. मग वाकड्यातिकड्या नसांमुळेच सूज येत नसेल कशावरून? आज कुणीतरी उठून हेच विचारणार.

भावजय : त्याचीच तर धास्ती घेतलीय मी. उत्तर द्यायचं तर फक्त नसांमधून वाटाड्या काढलेले उंदीर हवेत, आणि ते माझ्या हातून... थांबा. ते दोन पिंजरे!

नणंद : हं.

भावजय : मला न सांगता?

नणंद : तुला कशाला सांगू? तुला खोटं पाडायचं होतं. त्या उंदरांना सूज येईल, मग भरल्या सभेत मीच उठेन. काय बोलायचं तेही आरशासमोर म्हणून बघितलं होतं.

भावजय : आणि?

नणंद : ये इकडे. बघ पडद्यावर. हे फक्त नसांतून काढलेले. नसांचा पार गुंता. आता पेशी बघ.

भावजय : शांत आहेत... सूजच नाही!

नणंद : मजेत चरबी जाळताहेत. आणि हे दुसऱ्या पिंजऱ्यातले, फक्त पेशींतून काढलेले. नसा सरळसोट, आतडी टम्म. परत तपासलं, चष्मा पुसून तपासलं. नसांचा काही संबंध नाही. तुझंच बरोबर आहे.

भावजय : कधी कळलं हे?

नणंद : गेल्या आठवड्यात.

भावजय : आठवडाभर गप्प बसलात? मला अन्न गोड लागत नव्हतं, ताई. समोर बसून बघत होतात तुम्ही!

नणंद : बघत होते. बरं वाटत होतं.

भावजय : मी पिंजरे पाहिले नसते तर आजही बोलला नसतात.

नणंद : माहीत नाही. शेवटच्या रांगेत बसणार होते. उठले असते की नाही, खरंच नाही सांगता यायचं.

भावजय : ही चित्रं मला द्या.

नणंद : नाही.

भावजय : ताई!

नणंद : ती माझी आहेत. कुणी विचारलं तर मी उठेन, मी दाखवेन.

भावजय : आणि कुणी विचारलंच नाही तर?

नणंद : तर तू मला विचार. सगळ्यांसमोर.

भावजय : काय सांगाल?

नणंद : माझ्या भावजयीचं बरोबर आहे, असं. जीभ अडखळेल, पण सांगेन.

भावजय : म्हणजे राग गेला म्हणायचा?

नणंद : राग नव्हताच तो. जळत होते तुझ्यावर. आत्ताही जळतेय. तू हो पुढे, मी चित्रं घेऊन येते.