येतानाची तिकिटं

(इटलीतलं सवोना बंदर. एक नोव्हेंबरची दुपार. उद्या मृतांचा दिवस. दोन म्हाताऱ्या बहिणी स्वयंपाकघरात.)

एर्सिलिया : आणि प्लाचिदोचं ताट कुठंय? वाल शिजवलेस, चेस्टनट भाजलेस, आणि नवऱ्याचंच ताट विसरलीस?

रोझाल्बा : विसरले नाही, ताई. तो येणार नाही.

एर्सिलिया : अगं, आज रात्री सगळ्यांचीच गेलेली माणसं घरी जेवायला येतात. आपली आजी तर येऊन वर मीठ कमी म्हणत असेल! तुझ्याच माणसाचा काय रस्ता चुकणार?

रोझाल्बा : तो मेस्सीनाच्या धक्क्यावर अडकलाय.

एर्सिलिया : झालं सुरू! क्रूझवरून येऊन पाच महिने झाले. आठ दिवस समुद्र हिंडलो, आयतं गिळलं, त्यातलं तुला काहीच आठवत नाही?

रोझाल्बा : आठवतं ना. तिकिटं त्यानेच काढली होती. चाळीस वर्षं गोदीत दुसऱ्यांचं सामान चढवलं, एकदा आपणही चढू म्हणाला. आणि मार्चमध्ये गेला. त्याच्या जागी तू आलीस, तरी बोटीवरच्या खोलीत चढण्या-उतरण्याची कार्डं तीन निघाली. तुझं, माझं आणि त्याचं.

एर्सिलिया : त्यांची चूक होती. तेव्हाच म्हटलं होतं, परत कर.

रोझाल्बा : कशी करू? पहिल्याच सकाळी टॉवेल तीन ओले होते.

एर्सिलिया : मी दोनदा आंघोळ केली असेन.

रोझाल्बा : रोज?

एर्सिलिया : बरं, पुढे बोल.

रोझाल्बा : मग बोट मेस्सीनाला लागली, म्हणजे त्याच्या गावी. वाटलं, बघू दे बिचाऱ्याला. उतरताना माझं कार्ड लावलं, मग त्याचं. टिंग वाजलं. पहारेकरी बाजूला सरकला नि म्हणाला, "सांभाळून आजोबा, पायरी ओली आहे." माझ्यामागे कोणी नव्हतं, ताई.

एर्सिलिया : हे कधी बोलली नाहीस मला.

रोझाल्बा : परत चढताना पाऊस, ढकलाढकली. माझं एकटीचंच कार्ड लावलं. त्याला वर घ्यायचं राहूनच गेलं. मग भोंग्यावर तीनदा त्याच्या नावाचा पुकारा झाला.

एर्सिलिया : मीच जाऊन सांगितलं त्यांना, तो माणूस मेलाय, बोट सोडा.

रोझाल्बा : आणि त्यांनी सोडली. त्या रात्रीपासून टॉवेल दोनच ओले. शेजारणी विचारतात, काय शिकलीस एवढं फिरून? मी सांगते, उलटीच्या गोळ्या न्या, लोकरीचं काहीतरी न्या. खरं शिकले ते एवढंच, की सोबत उतरवलेलं माणूस मोजून वर घ्यावं.

एर्सिलिया : ताट दे इकडे. मी मांडते.

रोझाल्बा : नको. सकाळी तसंच भरलेलं बघवणार नाही मला.

एर्सिलिया : रोझाल्बा, एक सांगायचं राहिलंय. बोट हलली तेव्हा तू रडत बसली होतीस, मी कठड्याशी होते. धक्क्यावरून एक माणूस धावत येत होता. राखाडी टोपी. आपण शवपेटीत ठेवली तीच.

रोझाल्बा : धावत कसा होता?

एर्सिलिया : डावा पाय ओढत.

रोझाल्बा : आणि तू काय केलंस?

एर्सिलिया : तुला आत नेलं. गार वारा आहे म्हणाले. घाबरले होते गं मी!

रोझाल्बा : हाक मारली त्याने?

एर्सिलिया : मारली. पण माझ्या नावाने. मी बघतेय हे त्याला दिसलं होतं. पाच महिने झाले, भांडी घासतानासुद्धा ऐकू येते.

रोझाल्बा : बस खाली. पाणी पी.

एर्सिलिया : शिव्या दे मला.

रोझाल्बा : गाडीत देईन. मेस्सीनापर्यंत वेळच वेळ आहे. ऊठ, स्टेशनात फोन लाव. जातानाची दोन तिकिटं काढ.

एर्सिलिया : आणि येतानाची?

रोझाल्बा : तीन.