माशाचं तोंड, माझं तोंड

कर्रम! असा आवाज आला होता, तुम्हाला सांगतो, मुलगी बघायला गेलो तेव्हा. दाराआड नवरी मुलगी मुळ्याची किमची, आपलं तिखट-खारट लोणचं हो, खात होती. दार सरकायच्या आधीच मी मनात हो म्हणून मोकळा. तीच ही माझी बायको, मालसुन. आता तोच मुळा ती माझ्यापुढे ठेवते आणि मी नुसता चोखत बसतो... दाढ हलते ना! काढून टाका म्हणाल. अहो, काढणार कोण? तोंड एकाचं, बाकीचा मी दुसऱ्याचा!

गावात प्यो नावाचे दोघे सख्खे भाऊ. थोरले साखरेचे डॉक्टर, धाकटे दातांचे. हल्ली दोघांचा दवाखाना एक झालाय, बाहेर पाटीसुद्धा, 'तोंड आणि शरीर, एकत्र उपचार'. खाली थोरले, वर धाकटे, मध्ये जिना. फक्त एकच, ते एकमेकांशी बोलत नाहीत. का, तर वडिलांच्या श्राद्धाला नैवेद्य म्हणून मांडलेल्या अख्ख्या माशाचं तोंड पूर्वेला हवं की पश्चिमेला, यावरून बिनसलं. आता मासा तर त्याच दिवशी संपला असेल, पण भांडण काही संपेना!

धाकटे म्हणतात, साखर उतरल्याशिवाय दाढ काढणार नाही, जखम भरायची नाही, सांगा खालच्यांना. मी खाली. थोरले म्हणतात, हिरडीत पू असेतो साखर उतरायची नाही, सांगा वरच्यांना. मी वर. बरं, दोघांचंही बरोबर, हीच तर पंचाईत! तोंड एकाचं, बाकीचा मी दुसऱ्याचा, आणि जिना सगळा माझा... चढउतार करकरून शेवटी साखर उतरली. औषधाने की जिन्याने, कुणी विचारलं नाही.

मग धाकट्यांनी मला खुर्चीत आडवा करून भूल दिली. थोरले स्वतः वर येऊन नाडी धरून उभे.

"आजोबा, यांना म्हणावं, सावकाश."

"आजोबा, यांना म्हणावं, उजेडातून बाजूला व्हा."

माझ्या तोंडात आरसा, मी काय म्हणणार कपाळ? आरसा निघाला तसं मात्र राहवलं नाही. म्हटलं, "आमच्याकडे माशाचं तोंड पूर्वेलाच असतं, बाबांनो."

थोरले गर्रकन भावाकडे वळले. "ऐकलंस?"

"त्यांना काय विचारतोस, दादा? त्यांना तर मासा चावतासुद्धा येत नाही," असं म्हणत धाकट्यांनी पकड घातली, आणि त्या तावात दाढ कधी बाहेर आली ते त्यांनाही कळलं नाही आणि मलाही.

दादा म्हणाला हो! इतक्या वर्षांनी... माझेच डोळे भरून आले. कापसाचा बोळा सावरत हळूच विचारलं, "आता मुळा चालेल ना?"

"नाही," दोघे एकदम.

धाकटे म्हणाले, कडक बंद. थोरले म्हणाले, खारट बंद. आणि दोघांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली!

घरी येऊन मालसुनला सगळं सांगितलं. म्हटलं, तोंड एकाचं, बाकीचा मी दुसऱ्याचा होतो तेव्हा निदान मुळा समोर तरी यायचा, आता दोघांचं जमलंय, दाद कुणाकडे मागू? तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, माझ्यापुढची मुळ्याची वाटी उचलली, आणि आत निघून गेली.