माझा निम्मा वाटा

अगं, वकिलाचं काय घेऊन बसलीस! घटस्फोट झाल्यावर मी जपानी बोलायला लेकीला सोबत घेतलं आणि टोकियोतल्या निशी-कसाईहून थेट पेन्शन ऑफिस गाठलं. नवऱ्याच्या पेन्शनमधला माझा वाटा मागायचा होता. भांडायच्या तयारीनेच गेले होते. खिडकीवरचा माणूस हळू आवाजात काहीतरी बोलला.

"आई, तू घर सांभाळलंस त्या वर्षांचा निम्मा वाटा तुझाच. बाबांना विचारायची गरज नाही."

"नीट विचार त्याला."

"दोनदा विचारलं गं. खरंच गरज नाही."

मला रडूच फुटलं. माहेरी फोनसुद्धा मी नवऱ्याला विचारून करायचे.

"त्याला विचार," मी म्हटलं, "संसार चालू असताना ही मुभा कुठल्या खिडकीवर मिळत होती?"

लेकीने खाली मान घातली. तेवढं तिने जपानीत सांगितलं नाही.