उस्तादांचं वजन

दवाखान्याची लिफ्ट बंद पडलेली. समोरच्या बाकावर अग्निशमन दलाचे दोघं बसले होते, एक पाय मुरगळलेला उस्ताद आणि दुसरा त्याचा आडदांड चेला. इकडे नंबराची वाट बघत बसलेल्या एका शिक्षिकाबाईंचे कान तिकडेच लागले होते.

“एक्स-रे तिसऱ्या मजल्यावर आहे. बसा खांद्यावर.”

“तुला झेपायचं नाही.”

“वर्षभर दलाच्या तालमीत जिन्यावरून कुणाला वाहतोय मी? तुम्हालाच ना? वाळूची गोणी मागितली, तर म्हणालात, गोणी घाबरत नाही, माणूस घाबरतो.”

“तेव्हा पहिल्याच मजल्यावर धापा टाकायचास.”

“म्हणून तर माझा रात्रीचा भात बंद केलात. चला, धरा घट्ट.”

“अरे, हळू. कठडा धर. पडशील.”

“घाबरू नका, उस्ताद.”

दोघं जिन्यात दिसेनासे झाले. बाई कान देऊन बसल्या.

“दमलास?” वरून आवाज आला.

“छे. पण वजन वाढलंय तुमचं. आजपासून रात्रीचा भात बंद.”